भावाची कॅलेंडरं आणि तुझी पीएचडी

प्रिय बाई,

मी 27 वर्षांची आहे, डिचोलीत राहते. गोवा विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि गेली दोन वर्षं एका महाविद्यालयात लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवते आहे. माझा धाकटा भाऊ 21 वर्षांचा आहे. तो ऑटिस्टिक आहे, फार कमी बोलतो. पण 14 वर्षांचा असल्यापासून तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात रोज काहीतरी लिहितो. "पाव 6. पाऊस. आई रडली." असं. सात वर्षांची कॅलेंडरं आम्ही जपून ठेवली आहेत. मला ऑटिझम आणि विकलांगता अभ्यास या विषयात पीएचडी करायची आहे, पुढे शिकवणं आणि संशोधन हेच करायचं आहे. ही कॅलेंडरं माझ्या प्रबंधाचा पाया व्हावीत असं मनात आहे. एका सरांना विषय सांगितला तर ते म्हणाले, "घरचाच माणूस आहे, मग तू तटस्थ कशी राहणार?" आई म्हणते, "घरात तेच, बाहेरही तेच कशाला? स्पेशल एज्युकेशनचं बी.एड. कर. नोकरी लागेल, त्यालाही उपयोग होईल." बाबा काहीच बोलत नाहीत, पण त्यांच्या मनात एकच विचार असतो, आमच्यामागे याचं कोण? बाई, या विषयात खरंच करिअर होतं का? गोव्यात राहून जमेल का? आणि भावावर लिहिणं बरोबर आहे का?

तुमची एक वाचक

* * *

प्रिय बाय,

आधी एक सांगते. पत्रातला तुझा तालुका मी बदलला आहे. भाऊ ज्यावर लिहितो ती वस्तूही बदलली, इथे तिचं कॅलेंडर केलं. चौकोनातले शब्दही त्याचे नाहीत, त्या धाटणीचे माझे आहेत. असं का केलं ते पुढे येईलच.

सरांची शंका तुला लागली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. ऑटिझमचा अभ्यास ज्या लेखापासून सुरू झाला असं मानतात तो लिओ कॅनर यांचा, 1943 सालचा. त्यात त्यांनी 11 मुलांबद्दल लिहिलं आहे. त्यातल्या पहिल्या मुलाची भेट होण्याआधी कॅनर यांच्या हाती आलं होतं ते त्या मुलाच्या वडिलांचं पत्र. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातून पाठवलेलं, टाइप केलेलं, 33 पानांचं. मुलगा काय खातो, कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरतो, वस्तू कशा गरगर फिरवत बसतो, सगळं त्यात होतं. या विषयातला पहिला पुरावा असा घरच्या माणसाने लिहिलेला आहे.

पुढे वाईट दिवस आले. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हे मत डॉक्टरांत आणि लोकांत पसरलं. ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. किती आयांनी ते ओझं आयुष्यभर वाहिलं असेल याचा विचार केला की आजही मला राग येतो. या मताच्या विरोधात 1964 मध्येच ठामपणे उभे राहिले ते बर्नार्ड रिमलँड. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडीलही होते. 1979 मध्ये लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांचा अभ्यास ज्युडिथ गूल्ड यांच्यासोबत मांडणाऱ्या लोर्ना विंग, ज्यांच्यामुळे आज आपण 'स्पेक्ट्रम', म्हणजे ऑटिझमच्या अनेक छटा, असं म्हणतो, त्या ऑटिस्टिक मुलीची आई होत्या. आपल्याकडे दिल्लीत 1991 मध्ये अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम सुरू करणाऱ्या मेरी बरुआ यासुद्धा आईच. घरच्या माणसांना बाहेर ठेवलं असतं तर हा विषय होता तिथेच राहिला असता. सरांना हे आदराने सांग. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात तू कोण आहेस, हा प्रश्न तुझ्यापर्यंत कसा आला, हे उघड लिहायचं. समाजशास्त्रात ही रीत जुनी आहे, सरांनाही ती ठाऊक असणार.

पण सरांच्या शंकेत एक खरा काटा आहे, आणि तो त्यांना दिसला त्यापेक्षा खोल आहे. 1993 मध्ये जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने पालकांना उद्देशून लिहिलं की आमच्यासाठी शोक करत बसू नका. तोवर ऑटिझमबद्दल बोलायचे ते बहुतेक डॉक्टर, नाहीतर आईबाप. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं ते लोक आता स्वतः बोलायला लागले, आणि त्यांनी सांगितलं की तुमचं दुःख हे आमचं वर्णन नाही. तू बहीण आहेस. तुला सात वर्षं कॅलेंडर दिसत आलं. पण चौकोनात काय लिहायचं आणि काय गाळायचं हे ठरवताना त्याच्या मनात काय होतं, ते तुला ठाऊक नाही.

म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी पहिलं देते. आज, या घडीला, त्या कॅलेंडरांवर लिहू नकोस. त्याला विचारल्याशिवाय एक चौकोनही सरांना दाखवू नकोस.

हे मी माझ्या चुकीतून बोलते आहे. खूप वर्षांपूर्वी बार्देशातल्या काही आयांच्या मुलाखती घेऊन मी एक निबंध लिहिला होता. नावं बदलली, गावांना अक्षरं दिली, आणि मला वाटलं आपलं काम चोख झालं. एका बाईंबद्दल मी लिहिलं होतं की त्यांचं कापडाचं दुकान आहे, मुलगा मागच्या खोलीत बसून सुतांच्या रिळांची रंगाप्रमाणे रांग लावतो, आणि गिऱ्हाईक आलं की त्या मधलं दार ओढून घेतात. पुढच्या वर्षी म्हापशात बोडगेश्वराच्या जत्रेत त्या भेटल्या. खाज्याच्या दुकानासमोर उभ्या होत्या, हातात पुडा. मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही माझं नाव बदललंत, पण माझं दुकान बदललं नाहीत." त्यांच्या नणंदेच्या मुलीला माझा निबंध कॉलेजात वाचायला दिला होता. ते दार ओढून घेण्याचं वाक्य तिने घरी जाऊन सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. मी माफी मागितली. त्या बऱ्या बोलल्या, पुड्यातलं खाजंही माझ्या हातावर ठेवलं, पण पुन्हा कधी मला घरी बोलावलं नाही.

आपला गोवा एवढा लहान आहे. दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला गाव कळतं आणि चौथ्याला घराणं. मोठ्या शहरात नाव बदललं की माणूस लपतो, इथे लपत नाही. म्हणून तुझ्या पत्राशी मी तसं वागले. आता तुझ्या पुढच्या पानांशी तुला तसं वागायचं आहे.

विचारायचं कसं? तो 21 वर्षांचा आहे, सज्ञान आहे. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने त्याची कायदेशीर क्षमता इतरांइतकीच मानली आहे. आईबाबांनी संमतिपत्रावर सही केली की झालं, असं इथे चालणार नाही, आणि चाललं तरी तू चालवू नकोस. घरात तुम्ही कोंकणीत बोलत असाल तर कोंकणीतच विचार. नुसतं तोंडाने विचारू नकोस, दाखव. त्याचा एक चौकोन. मग तोच चौकोन तू टाइप केलेला. मग ग्रंथालयातून आणलेला कोणाचा तरी छापील प्रबंध, आणि हा अनोळखी माणसं उघडून वाचतात हे दाखवणारी मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी. त्याला तारखा कळतात. एकदा विचारून 'हो' आलं म्हणून थांबू नकोस. वेगवेगळ्या दिवशी, घाई नसताना, पुन्हा विचार. त्याचं 'नाही' तोंडातून येईलच असं नाही. त्याने कॅलेंडर उचलून आपल्या खोलीत नेलं, पान उलटं करून ठेवलं, तो उठून गेला, तर ते 'नाही' आहे. काही महिने चालतील आणि काही नाही, असंही तो ठरवू शकतो. आणि बाय, "आई रडली" हा चौकोन त्याने लिहिला असला तरी रडणं आईचं आहे. तिलाही विचारावं लागेल.

तो हो म्हणाला, तरी प्रबंधाचा पाया कॅलेंडरांवर घालू नकोस. त्यांचं एक प्रकरण असू दे. तिसऱ्या वर्षी त्याचं मन बदललं तर ते प्रकरण काढून टाकूनही बाकीचा प्रबंध उभा राहिला पाहिजे. संशोधन-नीतीची समिती तुला हे कदाचित विचारणार नाही. तू स्वतःला विचार.

इथे एका शब्दाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. मराठीत आपण ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतो. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी 1911 च्या सुमारास स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण म्हणून 'ऑटिझम' हा शब्द वापरात आणला, 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. तोच अर्थ मराठीत आला आणि चिकटला. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला. आता बघ. पाव किती आले, पाऊस पडला का, आई का गप्प आहे, हे सात वर्षं रोज टिपणारा मुलगा स्वतःत बुडालेला आहे का? घरातल्या सगळ्यांचे दिवस त्याने लिहून ठेवलेत. तुम्हा बाकीच्यांपैकी कोणी त्याचे दिवस लिहून ठेवलेत का? हा शब्द पालक संघटनांत रुजला आहे, कोणी प्रेमाने वापरला तर मी अडवत नाही. पण तू अभ्यासक होणार आहेस, आणि तुझ्या भाषेतला शब्द तपासणं हे तुझं काम आहे.

डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये नेमकं हेच मांडलं. ते समाजशास्त्रज्ञ आहेत आणि स्वतः ऑटिस्टिक आहेत. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही, असं मानसशास्त्र कितीतरी वर्षं सांगत होतं. मिल्टन म्हणाले, न कळणं दोन्हीकडून आहे, इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन कळत नाही. दोष मात्र एकाच बाजूच्या खात्यावर मांडला जातो. त्यांचा तो लेख विकलांगता अभ्यासाच्या नियतकालिकात आला, वैद्यकाच्या नव्हे. तुझं समाजशास्त्र या विषयात उपरं नाही, ते आधीपासून घरातलंच आहे.

आता करिअर. स्पष्टच सांगते. महाविद्यालयांच्या जाहिरातीत जागा निघतात त्या समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य अशा नावांनी. 'विकलांगता अभ्यास' या नावाच्या जागेची वाट बघत बसलीस तर केस पिकतील. म्हणून पीएचडी समाजशास्त्र विभागातच कर आणि आपला विषय त्यात घेऊन जा. नेट किंवा सेट, या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा, समाजशास्त्रातच दे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. असिस्टंट प्रोफेसर होण्यासाठी ती चालते. नेट मात्र जेआरएफसाठी, म्हणजे संशोधन करताना मिळणाऱ्या फेलोशिपसाठी दे. जेआरएफची वयोमर्यादा 30 वर्षं आहे, स्त्रियांना त्यात 5 वर्षांची सूट आहे, म्हणजे तुझ्या हातात अजून वेळ आहे. 2023 पासून ती फेलोशिप महिना 37,000 रुपये झाली. लेक्चर बेसिसवर सुट्टीच्या महिन्यांत हातात काय येतं ते तुला मी सांगायला नको. पीएचडीसाठी 6 वर्षं मिळतात, स्त्रियांना 2 वर्षं वाढवून मिळू शकतात. हा आकडा लक्षात ठेव, कारण तुझ्या घरात आजारपण, लग्न आणि भावाच्या वाईट दिवसांचे आठवडे, सगळं या वर्षांत येणार आहे.

बाहेर जावंसं वाटलं तर मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत विकलांगतेवर चांगलं काम झालं आहे, आणि इंग्लंडात लीड्स विद्यापीठ या विषयाचं जुनं ठाणं आहे. एखादं वर्ष बाहेर काढून आलीस तर दृष्टी मोकळी होईल. पण प्रश्न इथलाच घे.

आईचा सल्ला टाकाऊ नाही. पण ती वाट वेगळी आहे. स्पेशल एज्युकेशनचं बी.एड. भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचं असतं, तिची नोंदणी मिळाली की मुलांसोबत व्यावसायिक म्हणून काम करता येतं. विकलांगता अभ्यासातली पीएचडी तो परवाना देत नाही. पीएचडी झाल्यावर आजूबाजूचे पालक मुलांना घेऊन तुझ्या दारात येतील, "डॉक्टर" म्हणतील, आणि तेव्हा तुला सांगावं लागेल की हे माझं काम नाही. मुलांना रोज शिकवणं तुला मनापासून आवडत असेल तर आईचं ऐक, त्यात कमीपणा काही नाही. पण तुझ्या पत्रात एकाही मुलाला शिकवल्याचा उल्लेख नाही. सगळे प्रश्नच आहेत. मला वाटतं, तुझा पिंड प्रश्न विचारणारीचा आहे.

त्या प्रश्नांची जात कशी असते ते आपल्या नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीवरून बघ. प्रत्येक वाड्यावर नरकासुर उभा असतो आणि पहाटेपर्यंत स्पीकरांच्या भिंती धडधडत असतात. तुझा भाऊ त्या रात्री काय करतो मला माहीत नाही. मी ज्यांना ओळखते त्यांतला एक मुलगा दरवर्षी कपाटात जाऊन बसतो आणि त्याची आई बाहेर कपाटाला पाठ लावून बसते. वैद्यक विचारतं, या मुलाचे कान असे का? विकलांगता अभ्यास विचारतो, एवढा आवाज का, तो कोणी ठरवला, आणि या दोघांनी कपाटापाशी रात्र काढायची हे कधी ठरलं? माइक ऑलिव्हर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः व्हीलचेअर वापरायचा, 1983 मध्ये याला सामाजिक प्रतिमान (सोशल मॉडेल) असं नाव दिलं. शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाने घातलेला अडसर वेगळा, असं त्याचं म्हणणं. पण इथेही थांबू नकोस. स्पीकर बंद झाले तरी घरातल्या पंख्याची घरघर त्या मुलाला टोचतेच, आणि ते दुखणं खरं आहे, समाजाने निर्माण केलेलं नाही. या विषयातल्याच लोकांनी ऑलिव्हरशी यावर वाद घातला आहे. पंखा आणि स्पीकर या दोन्हींना जागा देणारं लिहिता आलं पाहिजे.

गोव्यात राहून जमेल का, असं विचारतेस. ऑटिझमच्या संशोधनात गोवा कोपऱ्यात पडलेला नाही. 2018 मध्ये मुलांच्या मज्जाविकासातल्या अडचणींवर जो मोठा भारतीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याच्या पाच ठिकाणांपैकी एक उत्तर गोवा होतं. पर्वरीच्या संगथ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने गोव्यातल्या ऑटिस्टिक मुलांच्या कुटुंबांवर 2012 मध्ये लिहिलं. 2016 मध्ये गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे मिळून एक चाचणी झाली: तज्ज्ञ नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांना मुलाशी संवाद साधायला शिकवायचं. 65 मुलं त्यात होती. डिचोलीतल्या आईला आणि रावळपिंडीतल्या आईला एकाच गोष्टीचा उपयोग होतो, हे वाचताना मला भरून आलं होतं. पीएचडीला लागण्याआधी अशा एखाद्या प्रकल्पात संशोधन साहाय्यक म्हणून वर्षभर काम मिळालं तर जरूर कर. संमतिपत्र कसं समजावून सांगायचं, मुलाखत कागदावर कशी उतरवायची, बाईच्या डोळ्यांत पाणी आलं की रेकॉर्डर कधी बंद करायचा, हे वर्गात शिकवता येत नाही.

आणि कान कोंकणीला लावून ठेव. इथली आई म्हणते, "ताका सगळें समजता, पूण तो उलयना." हे वाक्य इंग्रजी अहवालात जाताना 'नॉन-व्हर्बल' एवढंच उरतं. अर्धं वाक्य, 'सगळें समजता', वाटेत सांडतं. आईने ते आधी म्हटलं होतं. ती कशावरून म्हणते, काय बघून म्हणते, हे विचारायला इथल्याच भाषेत वाढलेला माणूस लागतो.

मी वर सांगितलेला बहुतेक अभ्यास मुलांचा आणि त्यांच्या आईबापांचा आहे. तुझा भाऊ 21 वर्षांचा आहे. त्याच्या वयाची माणसं कुठे आहेत? शाळा संपल्यावर ती दिवसभर काय करतात, घरात कोण त्यांच्याशी बोलतं, गावच्या टिंटावर, बाजाराच्या नाक्यावर, कोणी त्यांना ओळखतं का? इथे मोकळं रान आहे. त्यातही एक प्रश्न फक्त गोव्यातच विचारता येतो, आणि तो तुझ्या बाबांच्या गप्प राहण्यात दडला आहे. आपल्याकडे वारशाचा कायदा वेगळा. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला, आता 2012 च्या गोवा वारसा कायद्यात बसवलेला. मुलगा-मुलगी समान, आणि मालमत्तेचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव; सहसा आईबापांना मूल वगळता येत नाही. म्हणजे तुझा भाऊ बोलला न बोलला, तो वारस आहेच. मग इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, होते तेव्हा त्याच्या वतीने कोण बोलतं? त्याला कोणी काही विचारतं का? 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा ऑटिस्टिक प्रौढासाठी कायदेशीर पालक (गार्डियन) नेमू देतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत. 2016 चा कायदा म्हणतो की पालकत्व मर्यादित असावं, आणि पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, तिच्या इच्छेनुसार निर्णय घ्यावा. हे दोन कायदे आणि आपला वारसा कायदा, तिन्ही एका माणसाच्या घरात एकाच टेबलावर येतात तेव्हा काय घडतं? ते टेबल बघायला दिल्ली किंवा लीड्सचा अभ्यासक येणार नाही. आला तरी त्याला घरात कोणी घेणार नाही. दहा-बारा कुटुंबं, दोन तालुके, तीन वर्षं, यातून प्रबंध होतो. आणि त्यातल्या ऑटिस्टिक माणसांशी थेट बोल, त्यांच्या आईबापांशी बोलून परत येऊ नकोस. पणजीत 2023 च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट, दिव्यांग माणसांचा महोत्सव, झाला. पुढच्या वेळी जाऊन दिवसभर नुसती बसून राहा. ऑटिस्टिक प्रौढ माणसं आपल्याबद्दल काय बोलतात ते ऐक. तिथे प्रश्नावली नेऊ नकोस.

बाबांबद्दल थोडंच लिहिते, कारण हे कामाचं आहे आणि लगेच करायचं आहे. तुझी पीएचडी ही भावाची व्यवस्था नाही. घरात आता ती तशी धरली जाईल, "हिचा विषयच तो आहे, ही बघेल" असं. तू ते मनातल्या मनात मान्य करून टाकशील, आणि मग कधी बाहेरगावी संधी आली तर अपराधी वाटून सोडून देशील. व्यवस्था वेगळी कर, कागदावर कर. भावाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलेलं आहे का बघ. नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा आहे, 1 लाखापर्यंतचा. राज्याची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, दर महिन्याच्या आर्थिक मदतीची. पालक नेमायचा की नाही, नेमायचा तर कोण, आणि भाऊ स्वतः कोणाचं नाव घेतो, हे चौघांनी मिळून बोला. तोही त्या बोलण्यात बसला पाहिजे. चौघांत तो चौथा आहे. हे एकदा बोलणं झालं की बाबांच्या गप्पपणातलं अर्धं ओझं उतरेल, आणि तुझ्या अर्जावरचंही.

या महिन्यात तीन कामं कर. नेटचा अभ्यासक्रम उतरवून घे. गोवा विद्यापीठात किंवा बाहेर असा मार्गदर्शक शोध ज्याला ऑटिझम माहीत नसेल तरी चालेल, पण कुटुंब, कायदा किंवा आजारपण यांवर ज्याने क्षेत्रकाम केलं आहे. तुझ्या सरांनाही पुन्हा भेट, शंका घेणारा मार्गदर्शक वाईट नसतो. आणि कॅलेंडरं जिथे ठेवली आहेत ती जागा भावाला माहीत आहे का बघ. नसेल तर त्याला दाखव, आणि किल्ली असेल तर त्याच्याकडे दे.

त्याने काय ठरवलं ते मला कळवावंसं वाटलं, तर आधी त्याला विचारून घे.

तुझी,
बाई